जाऊबाईंचं पोट गप्प झालं तेव्हा

जाऊबाईंचं पोट पहिल्यापासून बोलकं. दुपारी जेवणं आटपून आम्ही दोघी मधल्या खोलीत चटईवर आडव्या झालो की थोड्या वेळात ते सुरू व्हायचं. आधी नळात हवा अडकल्यासारखं, मग कुणीतरी लांब कुठं माठ सरकवल्यासारखं. लग्न होऊन धारला आले तेव्हा मला हसू यायचं. पुढं राग यायचा. मग सवय झाली, इतकी की तो आवाज आल्याशिवाय मला डोळा लागत नसे. दोघींचे नवरे गेले, मुलं नोकऱ्यांच्या मागं गेली, तरी दुपारी दोनला ते पोट बोलायचं आणि मी झोपायची.

हे आधी सांगायचं कारण, देवासला दवाखान्यात त्या पोटाला कान लावायची पाळी आली तेव्हा आत काहीही नव्हतं.

जाऊबाई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. साखरेचं दुखणं त्यांना फार जुनं. महिनाभर राहायला म्हणून मुलाकडं देवासला गेल्या. हा माझा पुतण्या तिथं एका कारखान्यात आहे आणि त्याची बायको शाळेत शिकवते. तिथं त्यांना ताप भरला, लघवीतला संसर्ग रक्तात गेला, श्वास लागला. पुतण्याचा फोन आला तोपर्यंत त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवलेलं होतं. मी पिशवी भरली, इंदूरला बस बदलली आणि गेले. पिशवीत दोन पातळं, माझ्या गोळ्या आणि तुपाची बरणी. तूप माझ्या हातचं कढवलेलं. दुसऱ्याच्या हातचं तूप मला चालत नाही.

दवाखाना लहान होता. आयसीयूत आठ खाटा. आत सकाळ-दुपार असं काही नसतं, दिवे तेच आणि थंडी तीच. पहिल्यांदा आत गेले तेव्हा दारातच थांबले. आठही जणांची डोकी उंच केलेली होती. आठही जण आत्ता उठून बसतील आणि मला काहीतरी विचारतील असं वाटलं. कुणी उठलं नाही. सिस्टर म्हणाली, डोकं उंच ठेवलं नाही तर पोटातलं वर येऊन छातीत उतरतं.

जाऊबाईंच्या तोंडात श्वासाची नळी, नाकात अन्नाची नळी. डोळे अर्धे मिटलेले. आणि जबडा चालू. हळूहळू, नीट, जसा त्यांचा घास चावायचा वेग होता तसाच. समोर पान नाही, तोंडात घास नाही आणि बाई जेवताहेत.

"हे काय करताहेत?" मी विचारलं.

"नली चबाती हैं अम्मा," सिस्टर म्हणाली. "नींद की दवा चालू है, उनको कुछ पता नहीं."

ही सिस्टर निसरपूरकडची. तिचं जुनं गाव नर्मदेच्या पाण्याखाली गेलेलं. ती मला अजून तिथंच राहत असल्यासारखं सांगायची, "हमारा घर पानी में है." होतं म्हणायची नाही. पाणी उतरलं की कडुनिंबाचा शेंडा दिसतो, म्हणाली, पानं नाहीत, पण उभा आहे.

आजाऱ्याचं अन्न घरून आणायचं असा त्या दवाखान्याचा रिवाज. मुगाच्या डाळीचं पाणी, मऊ भात घोटून, पातळ करून, गाळून बाटलीत भरायचं. मग सिस्टर ते मोठ्या सिरिंजनं नाकातल्या नळीत सोडणार. कसं करायचं त्याचा हिंदीत छापलेला कागद होता. मी चौथीपर्यंत शिकले, पण माळव्यात जन्म गेला, हिंदी वाचता येतं. कागदावर शेवटून दुसरी ओळ होती, घी-तेल नहीं.

आता मी काय केलं ते सांगण्याआधी आमच्या घरची रीत सांगायला हवी. आमच्याकडं पानात भात पडला की त्यावर आधी तूप पडतं. त्याला अन्नशुद्धी म्हणतात. ती झाल्याशिवाय ते जेवण नाही, नुसता शिजवलेला तांदूळ. देवाच्या नैवेद्याला तूप, पाहुण्याला तूप, पितृपक्षात पितरांसाठी पान वाढतात त्यालाही तूप. बिनतुपाचं पान आमच्या घरात एकाच वेळी वाढतात, सुतकात. माणूस गेलं की दहा दिवस तूप नाही, फोडणी नाही. एरवी कुणी तूप वाढायला विसरलं तर सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कोण मेलंय घरात?"

तूप वाढायचा मान थोरल्या सुनेचा. सासूबाईंनंतर ती पळी जाऊबाईंकडं गेली आणि चाळीस वर्षं त्यांच्याकडंच राहिली. मोठ्या दिरांना धार, माझ्या नवऱ्याला धार, मुलांना धार. माझ्या भातावर तीन थेंब. मी बघत असे, तिनाचे चार कधी झाले नाहीत. एकदा मी म्हटलं, "जाऊबाई, पळीत काही अडकलंय का?"

त्या म्हणाल्या, "शुद्धी थेंबानंही होते."

तर पुतण्याच्या स्वयंपाकघरात पहिल्या सकाळी मी मूग-भात घोटला, फडक्यातून गाळला आणि माझा हात बरणीकडं गेला. कागद मला वाचता आला नाही असं म्हणायची सोय आहे, पण मी तो वाचला होता. मला वाटलं, हे तडक्याबद्दल लिहिलंय, अन्नशुद्धीबद्दल कोण लिहील. एक चमचा रीत म्हणून घातला. दुसरा चमचा घातला तो रीत म्हणून नव्हे. मला दाखवायचं होतं की बघा, तूप असं वाढतात. बघणारी बाई नळ्या लावून पडलेली होती, तरी दाखवायचं होतं.

रोज तीन बाटल्या. तीनही बाटल्यांत तसंच.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारची बाटली घेऊन गेले तर सिस्टर म्हणाली, आधी सकाळचं बघते. तिनं रिकामी सिरिंज नळीला लावली आणि दट्ट्या मागं ओढला. सिरिंज भरू लागली. पिवळं, पातळ, माझी डाळ. तिनं ती भांड्यात रिकामी केली, परत लावली, परत ओढली. असं चारदा. सकाळी जेवढं गेलं होतं तेवढं जवळजवळ सगळं बाहेर आलं. नासलेलं नव्हतं. आंबूस वासही फारसा नाही. रंग तोच. फक्त अंगाइतकं कोमट.

मी पन्नास वर्षं रांधलंय. माझं अन्न खाल्लेलं कसं दिसतं, उरलेलं कसं दिसतं, सांडलेलं कसं दिसतं हे मला माहीत आहे. माणसाच्या आत चार तास राहून जसंच्या तसं परत आलेलं मी पाहिलेलं नव्हतं. तसं फक्त एका पानात बघितलंय. पितरांसाठी वाढून ठेवलेलं पान आपण संध्याकाळी उचलायला जातो, तेव्हा ते असं असतं. वाढलं तेवढंच.

डॉक्टर तरुण होता. त्यानं मला नीट सांगितलं, ते मला आवडलं. माणूस एवढा आजारी पडला की शरीर पोटाकडं लक्ष देत नाही, म्हणाला. त्यात साखरेनं पोटाच्या नसा आधीच मंदावलेल्या. त्यात झोपेचं औषध, ते पोटालाही झोपवतं. त्यानं जाऊबाईंच्या पोटावर हात ठेवला. पोट फुगून ताणलेलं होतं. मग तिथं आला, म्हणजे स्टेथोस्कोप, लावून तो बराच वेळ ऐकत राहिला.

"कई सुणायो, भिया?" काय ऐकू आलं, असं मी माळवीत विचारलं. त्याच्या बोलण्यावरून तो आमच्याच माळव्यातला वाटला म्हणून.

तो हसला. आल्याची दोन टोकं काढून त्यानं माझ्या कानात घातली. "आप ही सुन लो माँजी."

मी ऐकलं. मशीन श्वास देत होतं तो लांबून आल्यासारखा येत होता. त्याच्या खाली काही नाही. मी वाट बघितली. माठ सरकेल, नळ गुळगुळेल. डॉक्टरनं आला जरा इकडं सरकवला, जरा तिकडं. काही नाही. घर रिकामं असलं की बाहेरूनच कळतं तसं ते होतं. आणि वर त्यांचा जबडा चावतच होता.

मग माझ्याच पोटात गुरगुरलं. इतक्या जोरात की सिस्टरनं वळून पाहिलं. मला भूक नव्हती. दोन दिवस मला भूक लागलेलीच नव्हती. त्या दिवसापासून मात्र त्यांच्या अन्नाची वेळ झाली की माझं पोट बोलायचं, त्यांच्यासारखंच, आधी नळ आणि मग माठ. मी कुणाला सांगितलं नाही. वयानं असं होत असेल. पण माझं पोट आधी कधी तसं बोललेलं नव्हतं.

डॉक्टरनं अन्न कमी केलं, पोट हलवायचं इंजेक्शन सुरू केलं, रक्तातले क्षार तपासले. तिसऱ्या दिवशीही मागं ओढल्यावर अन्न आलं, थोडं कमी, पण आलं. सिस्टर त्या दिवशी सिरिंज घेऊन खिडकीशी गेली आणि उजेडात धरली. त्या खिडकीतून देवासची टेकरी दिसते. वर दोन मातांची ठाणी आहेत, थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी. भांडल्या आणि निघाल्या म्हणतात. धाकटी टेकरी उतरू लागली आणि थोरली तिथंच जमिनीत उतरू लागली. लोकांनी हातापाया पडून थांबवलं तोवर थोरली अर्धी आत गेलेली होती. अजून तशीच आहे.

सिरिंजमध्ये वरच्या बाजूला बोटभर पिवळा थर होता.

"अम्मा, ये क्या है ऊपर?"

"दाल का होगा," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. ती खेड्यातली पोर, तूप ओळखत असणारच. पण आठ खाटांना दोन सिस्टर होत्या, तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

खोटं बोलायची मला सवय नाही. बोलायचं ते तोंडावर बोलते, म्हणून आमच्या गल्लीत माझं फारसं कुणाशी जमत नाही. तरी ते मी बोलले, आणि घरी येऊन संध्याकाळच्या बाटलीत पुन्हा तूप घातलं. एकच चमचा. बरणीला झाकण लावून ठेवलं होतं, परत उघडलं. न घालता बाटली बंद केली असती तर मी जाऊबाईंचं सुतकाचं पान वाढलं असतं, त्या जिवंत असताना, माझ्या हातानं. ते मला जमेना. तूप घातलं तर पितरांचं, न घातलं तर सुतकाचं, त्या स्वयंपाकघरात मला तिसरं पान सापडत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी पोट आणखी फुगलं. डॉक्टरनं पुतण्याला आणि मला बाहेर बाकावर बसवलं. म्हणाला, पोट अन्न घेत नाही, असंच राहिलं तर ते वर येऊन फुप्फुसात जाईल, आणि ते त्यांना सोसणार नाही. इंदूरला नेलं तर दुर्बिणीनं पोटाच्या पलीकडं आतड्यात नळी टाकता येईल. पण मशीनसकट गाडीतून न्यायचं, रस्त्यात काही झालं तर सांगता येत नाही. रक्तदाब अजून धड नाही. त्यानं कागद पुढं केला. पुतण्यानं पेन काढलं.

मला इंदूरचा रस्ता माहीत आहे. मी त्याच रस्त्यानं आले होते.

"थांब," मी म्हटलं. "तुपाचं सांगायचंय."

पुतण्याला कळेना. "कसलं तूप काकू?"

"बाटलीत घालत होते. रोज. तिन्ही वेळा."

त्याची बायको मागं उभी होती, ती म्हणाली, "काकू, पेपर पर साफ लिखा था."

"वाचलं होतं."

"फिर?" तिनं विचारलं.

काय बोलणार? चाळीस वर्षांचे तीन-तीन थेंब काय तिला बाकावर बसून सांगू?

डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. त्यानं विचारलं, किती घालत होता. मी सांगितलं. तो म्हणाला, स्निग्ध पदार्थ आपलंही पोट हळू करतो, इथं तर पोट आधीच थांबलेलं. सगळं तुमच्यामुळं झालं नाही माँजी, पण ओझं तुम्ही वाढवलंत. मग तो पुतण्याकडं वळला. दुपारपर्यंत पोट रिकामं ठेवतो, झोपेचं औषध उतरवत आणतो, मग बिनतुपाचं पातळ अन्न सिरिंजनं नाही, थेंबथेंब सोडतो. उद्या सकाळपर्यंत वाट बघू. सकाळी पुन्हा तेवढंच परत आलं तर गाडी बोलवायची.

पुतण्यानं पेन खिशात ठेवलं. मला म्हणाला, "काकू, तू आता जा. घरी जा." आवाज चढवला नाही त्यानं. पण लहानपणापासून त्यानं मला कधी जा म्हटलेलं नव्हतं.

मी गेले. जाऊन डाळ-भात चढवला. गाळला. बाटली भरली. मला सोडायला आलेल्या पुतण्याच्या बायकोनं बरणी कपाटात वर ठेवून दिली होती, माझा हात पोचणार नाही तिथं. तिला वाटलं असेल म्हातारी पुन्हा घालेल. हात पोचला असता तरी मी घातलं नसतं, पण तिच्या जागी मीही तसंच केलं असतं. बाटलीचं झाकण लावताना घर एकदम शांत झालं. फ्रीजही बंद पडला, लाइट गेली होती. मला मागं वळून बघायचा धीर झाला नाही. सासूबाईंना जाऊन कैक वर्षं झाली, पण त्या क्षणी त्यांनी विचारलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

मग मी माझं ताट वाढून घेतलं. माझ्याही भातावर तूप घेतलं नाही. सुतक एकटीचं नसतं, पाळायचं तर घरानं पाळायचं. कोरडा भात चावत बसले. किती वेळ चावत होते कोण जाणे. घास केव्हाच गिळला होता आणि जबडा चालूच होता. लक्षात आलं तेव्हा मी तोंडावर हात दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या मला घेऊन गेला. आत सिस्टरनं सिरिंज लावली. दट्ट्या ओढला. थोडं आलं, पाव सिरिंज, हिरवट, बदललेलं. खाल्ल्यासारखं दिसणारं. ती डॉक्टरला बोलवायला गेली. डॉक्टरनं आला लावला, ऐकलं, जागा बदलून पुन्हा ऐकलं.

"है," तो म्हणाला. "थोड़ा है."

मी हात पुढं केला. त्यानं आला दिला. बराच वेळ नुसतं मशीन. मग खूप खोलवर, पाण्याखालून आल्यासारखं, काहीतरी जरासं सरकलं. एकदाच. मला तेवढं पुरलं. गाडी बोलावली नाही.

दोन दिवसांनी मी बाटली घेऊन दाराशी पोचले तर सिस्टर आतूनच म्हणाली, "अम्मा, बाहर रुको. बिस्तर बदल रहे हैं." आणि हसत होती. सगळ्या खाटेची घाण झाली होती आणि दोन्ही सिस्टर हसत होत्या. घाणीला एवढं हसताना मी बाळंतिणीच्या खोलीतच बघितलंय. पुतण्या तोंड फिरवून उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, चहा घेणार?" म्हणजे मिटलं.

कशानं पोट हललं, तूप बंद केल्यानं, इंजेक्शननं की झोपेचं औषध उतरवल्यानं, हे मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सगळ्यांनी मिळून. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरंच तसं आहे, माहीत नाही.

जाऊबाई पुढं मशीनवरून उतरल्या, नळ्या निघाल्या, देवासला महिना काढून धारला परत आल्या. निम्म्या झाल्यात. पोट आता कायमचं हळू चालणार, थोडं थोडं पाच वेळा खायचं, तूप जपून. वाढायचं काम माझ्याकडं आलंय. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढं मऊ भात ठेवला, कोरडा. त्यांनी भाताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"कोण मेलंय घरात?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

त्यांनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावला. मी त्यांच्या जबड्याकडं बघायचं टाळलं. मग म्हणाल्या, "तिकडं कुणीतरी मला सारखं तूप पाजत होतं."

नळी नाकातून थेट पोटात जाते. जिभेला काही लागत नाही, हे मला सिस्टरनंच सांगितलं होतं. आणि बाटलीतल्या तुपाचं त्यांना पुतण्यानंही सांगितलेलं नाही, त्याच्या बायकोनंही नाही. मी दोघांना वेगवेगळं विचारून घेतलंय.

"तुम्हाला काय कळत होतं तेव्हा?" मी म्हटलं.

"काही नाही. अंधार होता. पण तूप कळत होतं. उतरतच नव्हतं ते." त्यांनी दुसरा घास घेतला. "फार घालतेस तू. हात मोकळा आहे तुझा, अक्कल नाही."

मी उठले, पळी आणली आणि त्यांच्या भातावर तीन थेंब टाकले. डॉक्टरनं तेवढ्याला हरकत नाही म्हटलंय. त्या बघत होत्या, चौथा पडतो का. पडू दिला नाही.

दुपारी आम्ही मधल्या खोलीत आडव्या होतो. त्या लगेच झोपतात. मी कान लावून पडून राहते. आवाज आला की झोपते. काही दिवशी फार वेळ लागतो.